मुलांना घेऊन बेघर निवाऱ्यात जेवण न्यायचंय: किती, कसं, आणि मुलांना काम कोणतं द्यायचं?

अबोली

नमस्कार. आम्ही फोंड्याला राहतो. मुलगी नववीत आहे, मुलगा अकरावीत. जवळच्या शहरातल्या एका बेघर निवाऱ्याशी बोलणं झालंय. तिथे साधारण ४० माणसं असतात. निम्म्याहून अधिक म्हातारी, काही कामगार, सात-आठ बायका. महिन्यातल्या एका शनिवारचं रात्रीचं जेवण द्या, असं त्यांनी सुचवलं आहे. स्वयंपाक घरी करून न्यायचा, वाढायचं तिथे, साडेसातला.

घरी दहा-बारा माणसांच्या वर रांधायची सवय नाही. साधा गॅस, ५ लिटरचा कुकर, आणि शेजारून मोठे टोप मिळतील.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ४० माणसांना काय आणि किती करावं? सोबत कपडे, चादरी नेल्या तर उपयोग होतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलांना तिथे नेमकं काय करू द्यावं? मोठेपणी त्यांना यातलं काही आठवलंच, तर "आईबाबांनी एकदा नेलं होतं, आम्ही कोपऱ्यात उभे होतो" एवढंच आठवू नये. पावसाळ्यातच सुरुवात करतोय, त्या अंगानेही सांगा.

---

कुळागर

अबोलीताई, आधी जेवणाचं सांगतो, कारण चुका तिथेच जास्त होतात.

पहिल्या खेपेला भात, फोडणीची डाळ, एक सुकी भाजी आणि केळं, एवढंच करा. मासळी नको. काटे असतात, दात नसलेल्यांना आणि डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांना त्रास होतो. नारळाचं वाटण घातलेली आमटीही पहिल्यांदा टाळा. आपल्या हवेत ओल्या नारळाचं वाटण लवकर आंबतं, त्यातही मोठ्या टोपातली आमटी तासन् तास कोमट राहते. चारला केलेलं आठला वाढायचं असेल तर भरवसा नाही. आंबटपणाला सोलं (आमसुलं) घाला.

मापं ४० माणसांची:

तांदूळ ५ किलो. माणशी सव्वाशे ग्रॅम पडतात. म्हातारी माणसं ८०-९० ग्रॅमच्या वर खात नाहीत, दिवसभर ओझी वाहिलेला माणूस १५० ते २०० खातो, म्हणून सरासरी जमते. तूरडाळ दीड किलो, तयार डाळ ८ ते ९ लिटर होते. भाजी निवडून, चिरून ४ किलो हवी, म्हणजे भोपळा असेल तर साडेपाच किलो आणा, साल-बियांत जवळजवळ पाव भाग जातो. तेल सगळं मिळून अर्धा लिटर पुरे. मीठ डाळीला लिटरमागे ८ ग्रॅमच्या आसपास, त्यातलं पाऊण आधी आणि उरलेलं चव बघून. मिरची मात्र पटीत वाढवू नका. दहा माणसांच्या डाळीला सहा मिरच्या घालत असाल तर चाळीसांना चोवीस नाही, बारा. तोंड आलेली, पित्ताची माणसं तिथे बरीच असतात.

तांदूळ उकडे घ्यावेत की सुरय (न उकडलेले)? उकडे गोव्यातल्या म्हाताऱ्यांना आवडतात आणि पोटाला बरे, पण शिजायला ३५ ते ४५ मिनिटं लागतात आणि पाणी भरपूर लागतं. घरच्या गॅसवर ५ किलो उकडे एकदम चढवू नका. आंधण यायलाच तास जातो, खालचा भात फुटतो आणि वरचा कच्चा राहतो. २० लिटरचे दोन टोप घ्या, प्रत्येकात अडीच किलो तांदूळ आणि १३-१४ लिटर पाणी, मग रोवळीत वेळून काढा. वेळलेली पेज फेकू नका. थोडं मीठ घालून वेगळ्या किटलीत न्या, दात नसलेले आणि आजारी त्यावर आधी हात मारतात. उकड्यांचा अंदाज नसेल तर पहिल्यांदा सुरयच करा.

डाळ ५ लिटरच्या कुकरात तीन खेपांत लावा, एका खेपेला अर्धा किलो डाळ आणि दीड लिटर पाणी. डाळीला कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. फेस शिटीच्या भोकात अडकतो आणि दाब कोंडतो. घाईत नेमकी हीच चूक होते. शिजलेली दाट डाळ मोठ्या टोपात एकत्र करा आणि उकळतं पाणी घालून सारखी करा. पातळ डाळ मोठ्या टोपात सुरुवातीपासून आटवत बसलात तर तळाला लागणार, कारण घरच्या शेगडीची ज्योत लहान आणि आच मधोमधच लागते. टोपाखाली जाड लोखंडी तवा ठेवा. तरीही करपल्याचा वास आला तर खरवडू नका, ढवळूही नका. वरची डाळ अलगद दुसऱ्या टोपात काढा आणि तळाची तशीच सोडा.

आता वेळ. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. वाढायचं साडेसातला, तर भात सव्वासहाच्या आधी उतरवू नका. बऱ्याच घरांत दुपारी तीनलाच सगळं आटपून ठेवतात, आणि तिथेच घात होतो. भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळून मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. त्या निवाऱ्यात रात्री एक-दोनच कर्मचारी असतात आणि संडास मोजके, हे डोळ्यांसमोर ठेवा.

न्यायला घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे घ्या, भोवती जुनी चादर गुंडाळा आणि गाडीत आडव्या फळीवर टेकवून ठेवा. डबे काठोकाठ भरू नका. बोरीच्या उतारावर डाळ झाकणातून बाहेर येते.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून अळसांद्याची (चवळीसारख्या कडधान्याची) भाजी आणि पाव करून बघा. अळसांदे दीड किलो, सकाळी भिजत घालायचे, संध्याकाळी कुकरात. पाव पोदेराला (पाववाल्याला) आदल्या दिवशीच सांगून ठेवा, माणशी दोन आणि वर दहा. संध्याकाळचेच घ्या. उंडो (गोल, कडक कवचाचा पाव) सकाळचा असेल तर रात्रीपर्यंत कडक होतो, म्हाताऱ्यांना चावत नाही. पोयी (कोंड्याचा पोकळ पाव) त्या मानाने मऊ राहते.

---

मांडवीकाठ

कुळागर यांनी रांधण्याचं सविस्तर सांगितलं, मी निवाऱ्याच्या आतलं सांगते.

शुक्रवारी रात्री फोन करून आकडा विचारा आणि शनिवारी दुपारी पुन्हा विचारा. आकडा हलत असतो. जूनमध्ये तर फार हलतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, किनाऱ्यावरचे शॅक (पर्यटकांसाठीची तात्पुरती हॉटेलं) मोडलेले, बांधकामं थंडावलेली. ज्यांच्याकडे गावी जायचं भाडं नाही ते बसस्टँडवर, स्टेशनवर झोपतात, आणि पाऊस लागला की छप्पर शोधतात. चाळीसचे पन्नास होऊ शकतात. त्यासाठी जादा भात रांधू नका. दोन किलो पोहे आणि फरसाण घेऊन ठेवा, लागलं नाही तर निवाऱ्याच्या कोठीत जमा होतं.

दिवस निवडतानाही विचार करा. चवथीत (गणेशचतुर्थीत), दिवाळीत, नाताळात आणि लोकांच्या वाढदिवसांना निवाऱ्यात जेवण दोन-दोन ठिकाणांहून येतं आणि वाया जातं. मधल्या महिन्यांतला साधा मंगळवार रिकामा असतो. तुमचा शनिवार ठरलेला आहे तो चांगला, फक्त चुकवू नका. तुम्ही येणार म्हणून त्या दिवशी तिथे चूल पेटत नाही. जमणार नसेल तर दोन दिवस आधी कळवा.

मुलांचं काम. अकरावीतल्या मुलाला डाळ वाढायला द्या, ओगराळं एकच मापाचं, १५० मिलीचं. नववीतल्या मुलीला भात नको, तो जड असतो आणि मनगट दुखतं. तिला पाणी आणि केळी द्या. पाणी हे काम हलकं समजू नका. मनोविकाराच्या काही औषधांनी तोंड सतत कोरडं पडतं, त्या माणसांना जेवताना तीन-तीनदा पाणी लागतं. पाणी देणारीला प्रत्येकाकडे पुन:पुन्हा जावं लागतं, आणि काही खेपांतच तिला सगळ्यात जास्त चेहरे ओळखीचे होतात.

गरम टोप उचलणं, संडास धुणं, औषधं देणं, कुणाला एकटीने खोलीपर्यंत पोचवणं, ही कामं मुलांची नव्हेत. फोन नंबर देऊ नये, पैसे देऊ नयेत. नकार कसा द्यायचा ते वाक्य घरीच ठरवून ठेवा: "ते मला चालत नाही, मी ऑफिसातल्या ताईंना बोलावते." वाक्य तोंडात तयार असलं की मूल गांगरत नाही.

वाढताना आपल्या मनाने ताट भरू नका, विचारा. "आनीक जाय?" (आणखी हवं?) आणि समोरून "पुरो" आलं की थांबायचं. कर्नाटकातली माणसं बरीच असतात, त्यांच्यासाठी "बेकु" म्हणजे हवं आणि "साकु" म्हणजे पुरे, एवढे दोन शब्द मुलांनी शिकावेत. हाक मारताना वय बघून काका, मावशी, अंकल, आंटी. "अरे-तुरे" कुणालाच नको, अगदी कर्मचारी करत असले तरी.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगते. बऱ्याच निवाऱ्यांत राहणारी माणसं स्वत:च ताटं मांडतात, झाडतात, भांडी घासतात. उत्साहाच्या भरात त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. कुणी काका ताटं मांडत असतील तर तुमच्या मुलाने त्यांना विचारावं, "मी कुठून सुरू करू?" त्या घरात पाहुणे आपण आहोत, त्यांची पद्धत आपण पाळायची.

जेवणानंतरची भांडी हे मुलांचं सगळ्यात चांगलं काम. तीन टब: पहिल्यात साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात कढत पाणी. दोघं आपली, दोघं तिथली. समोरासमोर उभं राहून बोलायची वेळ आली की दोन्हीकडची माणसं अवघडतात, शेजारी बसून हात चालू असले की गप्पा आपोआप निघतात. क्रिकेट, पाऊस, गावची शेती, काहीही. "तुम्ही घरी का जात नाही?" हा प्रश्न मात्र मुलांनी विचारायचा नाही. त्याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं, दिलं तर ऐकावं.

फोटो नको. वाढदिवसाच्या केकचा नको, ताटाचा नको, पाठमोराही नको. मारहाणीमुळे घर सोडून आलेल्या बाईचा ठावठिकाणा एका फोटोने उघडा पडतो. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला मनाई आहे, त्यामागची भावना आपल्यालाही लागू आहे.

---

सत्तरीकर

कपड्यांचं थोडक्यात.

जाड ब्लँकेटं आणि गोधड्या नेऊ नका. आपल्याकडे हिवाळ्यातही रात्री क्वचितच २० अंशांच्या खूप खाली जातं, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत जाड कापड वाळतच नाही. बुरशी धरते, वास मारतो, खरूज असेल तर ती पसरते. सुती चादर आणि पातळ पंचा द्या. जाड टर्किश टॉवेलपेक्षा पंचा चांगला, रात्रभरात पंख्याखाली वाळतो.

सगळ्यात कमी येतात आणि सगळ्यात जास्त लागतात त्या वस्तू: नव्या चड्ड्या-बनियन, बायकांसाठी अंतर्वस्त्रं आणि पॅड, रबरी चपला ७, ८, ९ नंबरच्या, लुंगी, नाडीची पँट, नेलकटर, खोबरेल तेलाच्या लहान बाटल्या, छत्री. जुन्या ऑफिसच्या पँटी ३६-३८ कमरेच्या येतात आणि घालणाऱ्याची कंबर २८-३०. नाडी नसलेली पँट दोरीने बांधून फिरावं लागतं. वापरलेली अंतर्वस्त्रं कुणालाही देऊ नयेत.

कपडे देताना ढीग ओतू नका. मुलांकडून घरी माप लिहून, घडी घालून पिशव्या करून घ्या आणि निवाऱ्याच्या कोठीत द्या. वाटप कर्मचारी करतील. आपल्या हाताने वाटलं की पुढच्या वेळी तुमच्या मुलीला जेवण वाढताना दहा जण "मला नाही मिळालं" म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

---

औषधपेटी

तब्येतीच्या अंगाने काही गोष्टी, कारण सोबत मुलं आहेत.

मुलांच्या पायांत बंद चपला हव्यात, हातापायावर जखम असेल तर पावसाळ्यात ती झाकून न्या. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो, गोव्यात दर पावसाळ्यात त्याची भीती असते. खरजेची धास्ती घेऊ नका. ती अंगाला अंग बराच वेळ लागल्याने होते, ताट देऊन होत नाही. हस्तांदोलन केलं तर घरी येऊन हात धुवा, संपलं. कुणी खोकत असेल तर खिडक्या उघड्या ठेवा. त्याला बाजूला बसवून वेगळं वाढणं हा उपाय नाही. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर कर्मचाऱ्यांच्या कानावर घाला, क्षयासाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

नवीन आलेल्या माणसाकडे लक्ष ठेवा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर जेवण धोक्याचं असतं, शरीरातले क्षार अचानक खाली येतात. त्याला किती आणि काय द्यायचं हे निवाऱ्याची नर्स किंवा डॉक्टर ठरवतील. तुम्ही पेज हाताशी ठेवा. दुसरा प्रकार, कालपरवापर्यंत रोज दारू पिणारा आणि इथे येऊन एकदम थांबलेला. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत हात थरथरणं, घाम, झटका येऊ शकतो. दोन-तीन दिवसांनी भास, बरळणं सुरू होऊ शकतं. "पिऊन आलाय" असं समजून दुर्लक्ष होतं आणि माणूस हातचा जातो. झटका आला तर १०८, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. मुलांना त्या वेळी नुसतं बाहेर पाठवून देऊ नका, त्यांना नेमकं काम द्या: एकाने घड्याळ बघून झटका किती मिनिटं चालला ते मोजायचं, दुसऱ्याने फाटकाशी उभं राहून गाडीला वाट दाखवायची.

मधुमेही किती आहेत ते आधी विचारून घ्या. केळं सगळ्यांना चालेल असं नाही. काहींना अर्धं, काहींना काकडी.

कुणी ओरडायला लागला तर मुलांनी दोन पावलं मागे यायचं, वाद घालायचा नाही, हसायचं नाही. बहुतेक वेळा तो रोख त्यांच्यावर नसतोच.

रस्त्यावर मनोरुग्ण भटकताना दिसला तर मुलं विचारतील, तेव्हा हे माहीत असू द्या: त्याच २०१७ च्या कायद्याने त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. कोठडीत ठेवता येत नाही. फोन ११२ ला करायचा, स्वत: धरून गाडीत घालायचं नाही. आपल्याकडे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय बांबोळीला आहे. साठीपुढचा बेघर माणूस असेल तर १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

---

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. मासळी आणि गोधड्या, दोन्ही यादीतून काढल्या. दोन शंका उरल्यात. अन्न उरलं तर काय करायचं? आणि मुलांना "आठवणीत राहावं" याबद्दल कुणी काही सुचवाल का? मुलगी म्हणतेय डायरी लिहीन.

---

कुळागर

उरलेलं तिथे रात्रभर ठेवू नका, "सकाळी खातील" म्हणून तर नकोच. डाळ-भाजी घरी आणून, पसरट ताटांत ओतून, दोन तासांत गार करून फ्रिजमध्ये घातली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही खाऊ शकता, पण ती पुन्हा निवाऱ्यात नेऊ नका. भात ताटात न वाढलेला असेल तर गोठ्यात द्या.

डायरी जरूर लिहू दे, पण त्यात आकडेही असू देत. निघताना एक साधा काटा घेऊन जा. वाढण्यापूर्वी डब्याचं वजन, वाढून झाल्यावरचं वजन, त्या दिवशी माणसं किती, पाऊस होता का. बाजूला कुणाला काय लागलं ते: अमक्या आजींना भात मऊ, अमक्या काकांना डाळ वरून वेगळी, वाटीत. नावं घातली नाहीत तरी चालतील, जागा लिहिली तरी पुरे, म्हणजे वही कुणाच्या हाती लागली तरी बोभाटा नाही. पुढच्या महिन्याचे तांदूळ किती घ्यायचे हे त्या वहीवरून तुमच्या मुलीने ठरवायचं आणि तुम्ही तेवढेच घ्यायचे. तिचा अंदाज पहिल्यांदा चुकेल, अर्धा किलो कमी पडेल. म्हणून पोहे गाडीत असू द्या.

---

मांडवीकाठ

यात एकच भर. परतताना गाडीत लगेच "कसं वाटलं?" विचारू नका. चौदा वर्षांच्या मुलीला त्या वेळी काही सांगता येत नाही, आणि विचारलं की ती आपल्याला हवं तेच उत्तर देते. दोन-तीन दिवसांनी ती स्वत:च काहीतरी काढेल, बहुतेक भलत्याच वेळी, भांडी पुसताना किंवा शाळेची बॅग भरताना. तेव्हा हातातलं काम ठेवून ऐका. रडली तर पुढचा शनिवार रद्द करू नका. तिलाच विचारा, या वेळी पाण्याऐवजी दुसरं काही करशील का. मुलगा काही बोलणारच नाही अशी शक्यता आहे. तो शुक्रवारी रात्री आपणहून आकडा विचारायला फोन करतो का, तेवढं बघा.